याव्होर्नाच्या सुईणीचे शब्द

प्राग, ९ मार्च १७९३

प्रिय अपोलेन्का,

हे पत्र बसून वाच. उभ्याने वाचलंस तर हातातलं भांडं पडेल आणि तुझा नवरा मला शिव्या घालेल.

मी जर्मन छापखान्यातली नोकरी सोडली. अकरा वर्षं परक्या भाषेतल्या मजकुरातल्या चुका काढल्या. सोमवारी लेखणी पुसली, टोपी घातली आणि निघालो. मालक माणूस वाईट नाही. दारापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "प्रोकोप, चेक पुस्तकं वाचणार कोण? मोलकरणी आणि कोचवान?" मी म्हटलं, "हो, तेच. ते तुमच्या गिऱ्हाइकांपेक्षा पुष्कळ जास्त आहेत." तो हसला. मीही हसलो, पण गल्लीच्या टोकापर्यंत दोनदा मागे वळून पाहिलं, हे तुला म्हणून सांगतो.

जुन्या शहरात 'तीन हरणं' नावाच्या घरात तळमजल्याला दोन खोल्या घेतल्यात. यंत्र जुनं आहे. दांडा ओढला की इतकं कण्हतं, की वरच्या मजल्यावरच्या विधवा बाईंना वाटलं मी खाली आजारी गाय बांधली आहे. अक्षरांचे खिळे मात्र नवे कोरे. डोक्यावर खुणेची टोपी घातलेली आपली चेक अक्षरं जर्मन ओतारी देतात तेव्हा मूठभर देतात; एका पानातच संपतात. मी दोन पेट्या भरून ओतून घेतली. साच्यातून काढलेला पहिला खिळा अजून कोमट होता. तो हातात धरून मी बराच वेळ उभा राहिलो.

पहिलं पुस्तक आपल्या जुन्या राजांची बखर. पाच प्रती कापडवाल्याच्या गाडीबरोबर पाठवतोय. कोण वाचतं, कोण ऐकतं, कोण झोपतं, सगळं कळव.

तुझा
प्रोकोप

•

याव्होर्ना, २ एप्रिल १७९३

दादा,

बसूनच वाचलं. ब्लाझेई मागावर होता, त्याला ओरडून सांगितलं तर तो म्हणाला, "चला, तुमच्या घराण्यात एक तरी वेडा पाहिजेच होता." आणि दिवसभर शीळ वाजवत विणत बसला. म्हणजे खूश आहे.

तुझी बखर रविवारी प्रार्थनेनंतर आमच्याकडे वाचली. मी वाचते, बाकीचे ऐकतात. पहिल्या रविवारी नऊ माणसं होती, काल चोवीस. बसायला जागा नव्हती, दोघं चुलीच्या ओट्यावर चढली. आता गावात दोन तट पडलेत. तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या राजाने किल्ला सोडायला हवा होता की नको, यावरून सुतार आणि गिरणीवाला एकमेकांशी बोलत नाहीत. झोपलं कुणीच नाही.

आता माझं ऐक. मला एक पुस्तक हवंय, आणि ते राजांचं नाही. तालुक्याच्या डॉक्टरांनी सगळ्या सुईणींना एक छापील पत्रक दिलंय. अडलेल्या बाळंतपणात काय करावं, काय करू नये. सगळं जर्मनमध्ये. आमच्या खोऱ्यात आम्ही अकरा सुईणी. पाच जणींना वाचता येतं, तेही आपल्याच भाषेत. खालच्या गावची म्हातारी वोर्शिला ते पत्रक घडी करून एप्रनच्या खिशात ठेवते. म्हणते, त्यावर सरकारी शिक्का आहे, उपयोगी पडेल. मी ते मास्तरांकडून समजून घ्यायला गेले. मास्तरांनी अर्धं वाचलं, कानापर्यंत लाल झाले, आणि पुढचं "तुला माहीतच असेल" म्हणून सोडून दिलं.

हे पुस्तक चेकमध्ये काढ.

आमची लेक डोरोता लग्न करून खालच्याच गावात गेली, ते तुला कळवलंच होतं. तिला दिवस गेलेत. ऑक्टोबरात होईल. मला अळंबीचं आंबट सूप कर म्हणून रोज निरोप पाठवते.

तुझी
अपोलेना

•

प्राग, ३० एप्रिल १७९३

प्रिय अपोलेन्का,

चोवीस माणसं, आणि दोघं चुलीच्या ओट्यावर. हे वाक्य मी इथे भेटेल त्याला ऐकवलं. पाववाल्यालासुद्धा.

तुझ्या पुस्तकाबद्दल. मनात धरू नकोस, पण ते आत्ता नको. आधी मला या शहराला दाखवायचंय की आपली भाषा राजदरबारात बोलली जात होती, तिच्यात कायदे लिहिले गेले, युद्धाचे खलिते लिहिले गेले. इथले साहेब लोक म्हणतात, चेक ही गोठ्यातली भाषा आहे. अशा वेळी मी दुसरंच पुस्तक बाळंतपणाचं काढलं, तर त्यांच्या हातात कोलीत दिल्यासारखं होईल. शिवाय जाणकार सांगतात की वैद्यकशास्त्राला लागणारे शब्दच आपल्याकडे नाहीत. ते आधी कुणीतरी घडवायला हवेत. दहा वर्षांनी पाहू.

डोरोताला माझा आशीर्वाद. मुलगा झाला तर एखाद्या राजाचं नाव ठेवा.

तुझा
प्रोकोप

•

याव्होर्ना, १७ नोव्हेंबर १७९३

दादा,

बऱ्याच दिवसांत लिहिलं नाही. कामं होती.

गेल्या महिन्यात खालच्या गावात एका तरुण बाईचं बाळ गेलं. मी त्या दिवशी वरच्या वाडीत दुसऱ्या बाळंतिणीकडे होते. तिथे वोर्शिला होती. बाळ पायाळू निघालं. पाय बाहेर आले आणि पुढे सरकेना, तेव्हा वोर्शिलाने घाबरून ओढलं. तिच्या आईने तिला तसंच शिकवलं होतं. बाळाची मान गेली. मुलगी होती. बाई वाचली.

मी संध्याकाळी पोहोचले. वोर्शिला दारात बसली होती. तिच्या खिशातून मी ते पत्रक काढून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी चार कोस चालत धर्मगुरूंकडे गेले, त्यांना जर्मन चांगलं येतं. त्यांनी न लाजता सगळं वाचून दाखवलं. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलंय: पाय आधी आले तर ओढू नये. बाळ अंगाने खांद्यापर्यंत आपसूक येऊ द्यावं, तोवर हात लावू नये. तीन ओळी, दादा. सहा महिने तिच्या खिशात होत्या.

तू म्हणतोस दहा वर्षं. या खोऱ्यात दहा वर्षांत किती बाळं जन्मतात ते मी मोजलं, पण इथे लिहीत नाही.

अपोलेना

•

प्राग, ५ डिसेंबर १७९३

प्रिय अपोलेन्का,

मी चुकलो. याहून लांब वाक्य लिहायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

तुझं पत्र घेऊन मी डॉक्टर क्रोपाच यांच्याकडे गेलो. विणकराचा मुलगा, आपल्यासारखाच. व्हिएन्नाला शिकून आलाय. त्याने पत्र वाचलं आणि म्हणाला, "मी लिहितो. पैसे नकोत." दहा पानं लिहूनही आणली. पण ती वाचून मला घाम फुटला. बिचारा शास्त्र लॅटिन आणि जर्मनमध्ये शिकलेला, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी त्याने नवा शब्द पाडलाय. बाळामागून पडणाऱ्या वारेला त्याने 'गर्भपोषकपिंड' म्हटलंय. पायाळू बाळाला 'विलोमावतीर्ण अर्भक'. हे वाचून वोर्शिला घाबरून बाळाबरोबर आईलाही ओढेल.

म्हणून तुझ्याकडे मागणं आहे. बायका जे जे म्हणतात ते सगळं लिहून पाठव. कळांचे प्रकार, दुधाचे प्रकार, बाळाच्या अंगाचे भाग, सगळं. लाजू नकोस, मी तुझा भाऊ नाही असं समज, मी छापखाना आहे.

डोरोताबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. नातवंडात इतकी बुडालीस की मामाला विसरलीस, असं दिसतं. सोबत छोटी लोकरी टोपी पाठवतोय, वरच्या मजल्यावरच्या बाईंनी विणली आहे. त्यांना आता गाईच्या आवाजाची सवय झाली.

तुझा
प्रोकोप

•

याव्होर्ना, १२ फेब्रुवारी १७९४

दादा,

टोपी मिळाली. पेटीत जपून ठेवली आहे. त्या बाईंना आभार सांग.

शब्द पाठवते आहे. एकशे अठरा झाले. मी, ब्लाझेईची बहीण आणि गिरणीवाल्याची सून, आम्ही तिघी बर्फातून सात गावं फिरलो. आधी बायका बोलेनात. "असलं कागदावर लिहितात का," म्हणायच्या. मी म्हटलं, "तुमच्यापैकी कुणी कागदावर जन्मलंय का? मग?" मग सुरू झाल्या त्या थांबेनात. एका गावात चार म्हाताऱ्या एकाच गोष्टीच्या दोन शब्दांवरून भांडल्या आणि मला दोन्ही लिहावे लागले.

तुमच्या डॉक्टरांना सांग: वारेला वारच म्हणतात. पाण्याची पिशवी फुटते तिला पाणमोट. पहिलं पिवळं दूध येतं तो चीक, आणि बाळ रडल्यावर दूध दाटून येतं तो पान्हा. कळा चार तऱ्हेच्या: फसव्या, चढत्या, खऱ्या आणि मागच्या. प्रत्येकीत काय करायचं ते वेगळं असतं, म्हणून नावंही वेगळी. ज्या साहेबांना आपल्या भाषेत शब्द नाहीत असं वाटतं, त्यांना बाळंतिणीच्या खोलीत कधी कुणी येऊ दिलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

वोर्शिलाकडे मी गेले नाही. बाकीच्या दोघी गेल्या. तिने एकोणीस शब्द दिले.

अपोलेना

•

प्राग, २० मे १७९४

प्रिय अपोलेन्का,

तुझी यादी वाचून डॉक्टर क्रोपाच खुर्चीतून उठला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "चार तऱ्हेच्या कळा आम्हाला व्हिएन्नात सांगितल्या नव्हत्या." त्याने आपली दहा पानं फाडली आणि पहिल्यापासून लिहिलं. आता पुस्तक असं झालंय की मोठ्याने वाचलं तर तू बोलते आहेस असं वाटतं.

काम नीट चाललंय. धीर धर.

तुझा
प्रोकोप

•

याव्होर्ना, २४ ऑगस्ट १७९४

दादा,

कापडवाला परवा आला. तो म्हणाला, तुझ्या दुकानात राजकन्यांच्या आणि सरदारांच्या गोष्टी टांगल्या आहेत, दोरीवर वाळत घातल्यासारख्या. सुईणींचं पुस्तक विचारलं तर तू विषय बदललास म्हणे.

सरदार छान असतात. आमच्याकडेही वाचले. पण मी सात गावांतल्या बायकांना शब्द देऊन आले आहे. त्या रोज विचारतात. मी त्यांना काय सांगू? की माझ्या भावाला लाज वाटते?

अपोलेना

•

प्राग, ६ सप्टेंबर १७९४

अपोलेन्का,

लाज नाही. मी खोटं बोललो, आणि ते तुझ्यापासून लपवायला नको होतं.

पुस्तक मे महिन्यापासून परवाना देणाऱ्या कचेरीत पडून आहे. तिथल्या साहेबांनी ते तीनदा परत पाठवलं. पहिल्यांदा म्हणाले, जर्मन पत्रक असताना याची गरज काय. दुसऱ्यांदा म्हणाले, असल्या गावठी शब्दांत शास्त्र सांगणं म्हणजे शास्त्राचा अपमान. तिसऱ्यांदा मी स्वतः गेलो. मला दीड तास उभं ठेवलं. मग साहेब म्हणाले, "खेड्यातली सुईण पुस्तक वाचून काही समजून घेऊ शकते, यावर माझा विश्वास नाही. एक तरी दाखवा." डॉक्टर क्रोपाचने प्रागमधली एक सुईण पुढे केली, तर म्हणाले, शहरातली नको, ती शिकलेली असते. या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला शेवटची तारीख दिली आहे. त्यानंतर हस्तलिखित कायमचं बंद.

मी तुला ये म्हणत नाही. तीन माणसं समोर बसतील, त्यांना हसायचंच असेल. तुला त्यांच्यासमोर उभं करायला माझं मन धजत नाही. मी दुसरा काही मार्ग पाहतोय.

प्रोकोप

•

याव्होर्ना, २१ सप्टेंबर १७९४

प्रोकोप मेहुण्यास,

मी लिहिणारा माणूस नाही, तेव्हा थोडक्यात. ती आज सकाळी निघाली. कापडवाल्याच्या गाडीने अर्धी वाट, पुढे पायी. सोबत राईची भाकरी, चीज आणि तिचे रविवारचे बूट, ते हातात धरून चालेल, तुला माहीत आहे. हे पत्र टपालगाडीने पाठवतोय, म्हणजे तिच्या आधी पोहोचेल.

ती सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. ते पायाळू बाळ आमच्या डोरोताचं होतं.

मी तिला म्हटलं होतं, भावाला लिही. ती म्हणाली, "लिहिलं तर तो माझ्या दुःखासाठी पुस्तक काढेल. मला ते हवंय म्हणून काढायला नको, ते लागतं म्हणून काढायला हवं." मला हे नीट कळलं नाही, पण तिने वर्षभर पाळलं. तुझी टोपी आली त्या दिवशी ती कोठारात जाऊन बसली होती.

डोरोता बरी आहे. हसते अधूनमधून.

तिला तिथे उभं करशील तेव्हा तिच्या शेजारी उभा राहा.

ब्लाझेई

•

प्राग, २ ऑक्टोबर १७९४

प्रिय ब्लाझेई,

अपोलेना उद्या इथून निघते. तिला विचारशील तर ती म्हणेल, "झालं एकदाचं." म्हणून जे झालं ते मीच लिहून ठेवतो. हे पत्र तिच्याचबरोबर देतोय, घडी घालून चिकटवून. तिने उघडलं तर मला कळव.

तुझं पत्र पंचवीसला मिळालं. ती सव्वीसला दारात उभी राहिली, बूट हातात. मी तिच्या हातातले बूट घेतले. तिने माझा चेहरा पाहिला आणि म्हणाली, "ब्लाझेईने लिहिलं वाटतं." मग आम्ही दोघं यंत्राच्या खोलीत कागदाच्या गठ्ठ्यांवर बसलो आणि तिने पहिल्यांदा मला सगळं सांगितलं. त्याबद्दल इथे लिहीत नाही, तुला माहीत आहे.

अठ्ठावीसला गेलो. लांब टेबल, तीन माणसं. मधे ते साहेब, डावीकडे एक कारकून, उजवीकडे एक म्हातारे जर्मन डॉक्टर, पांढऱ्या भुवयांचे, ते सगळा वेळ डोळे मिटून बसले होते. क्रोपाच भाषांतर करायला. मी तिच्या शेजारी उभा राहिलो, तू म्हटल्याप्रमाणे.

साहेबांनी हस्तलिखित मधेच उघडलं आणि म्हणाले, "वाच." तिने वाचलं, रविवारी तुमच्याकडे बखर वाचते तसंच, मोठ्याने. साहेब म्हणाले, "पाठ केलं असेल." दुसरं पान उघडलं. ते वाचलं. तिसरं उघडलं, आणि ते पायाळूचं होतं.

मी तिच्या आणखी जवळ सरकलो. तिने पान वाचलं. आवाज हलला नाही. साहेबांनी विचारलं, "समज, आत्ता असं बाळ आलं. तू काय करशील?"

ती म्हणाली, "हात मागे घेईन."

"म्हणजे काही करणार नाहीस?"

"हात मागे ठेवायला सगळ्यात जास्त बळ लागतं, साहेब. बाई ओरडत असते, सासू दार ठोठावत असते, सगळे म्हणतात ओढ. तेव्हा मी आईला टेबलाच्या काठाशी आणते, ऊबदार फडकं धरते आणि थांबते. पाठीवर खांद्यांची दोन्ही हाडं दिसली की मग माझं काम सुरू." आणि तिने रिकाम्या हवेत दाखवलं, बाळाचं अंग कसं हातावर घ्यायचं, बोट कुठे ठेवायचं, डोकं कसं वाकवायचं. ब्लाझेई, त्या खोलीत बाळ नव्हतं, पण मला दिसलं.

म्हाताऱ्या डॉक्टरांनी डोळे उघडले होते. त्यांनी विचारलं, "हे कुठे शिकलीस?"

"थोडं या पुस्तकाने मला शिकवलं. थोडं मी पुस्तकाला."

साहेबांना ते आवडलं नाही. ते म्हणाले, "इतकी हुशार आहेस, तर जर्मन का शिकत नाहीस? हा सगळा खटाटोप वाचला असता."

क्रोपाच भाषांतर करायला लाजला, पण तिने त्याच्याकडे पाहिलं तेव्हा केलं. तिने साहेबांकडे तोंड केलं. मग म्हणाली, "कळा सुरू झाल्या की बाई ज्या भाषेत ओरडते, ती मला यायला हवी. ती मला येते. सांगायला जे पुस्तक लागतं ते त्याच भाषेत हवं."

कुणी हसलं नाही. म्हातारे डॉक्टर साहेबांकडे वळून जर्मनमध्ये म्हणाले, आणि हे मला समजलं, "चाळीस वर्षं मी विद्यार्थ्यांना पायाळूचं शिकवतोय. हात मागे ठेवायचं कारण इतकं चांगलं कुणी सांगितलं नाही. सही करा." साहेबांनी लेखणी उचलली नाही. तेव्हा म्हाताऱ्याने स्वतः कागद ओढून घेतला, वैद्यकाच्या बाजूने आपली सही केली आणि तो साहेबांपुढे सरकवला. मग त्यांना करावीच लागली.

बाहेर आल्यावर ती पायरीवर बसली आणि बूट काढले. म्हणाली, "चावतात." मग पायाची बोटं चोळत बसली. मी आयुष्यात पुष्कळ चांगले ग्रंथ हाताळलेत. पण ज्या बाईला मी मागाच्या तुळईवर खडूने अक्षरं गिरवायला शिकवलं, तिच्या शेजारी त्या पायरीवर बसताना मला जे वाटलं, ते कुठल्याच ग्रंथाने दिलं नव्हतं.

तिची काळजी घे. सूप कर तिला, तुला येत नसलं तरी.

तुझा मेहुणा
प्रोकोप

•

याव्होर्ना, १९ एप्रिल १७९५

दादा,

पुस्तकं पोहोचली. साठच्या साठ वाटली, मला एकही प्रत उरली नाही, ब्लाझेईने आपल्यासाठी ठेवलेली मी घेतली. तो म्हणतो, "मला कशाला लागणार होती?" तरी दोन दिवस रुसून होता.

पहिल्या पानावर तू माझं नाव घालणार होतास. मी नको म्हटलं होतं, तर तू सातही गावांची नावं घातलीस. हे बरं केलंस. आता प्रत्येक गावात एकेक बाई ते पान उघडून बोट ठेवते आणि म्हणते, "हे आम्ही." ज्यांना वाचता येत नाही त्यासुद्धा जागा बरोबर दाखवतात.

वोर्शिलाची प्रत मी स्वतः घेऊन गेले. तिच्या दारात अठरा महिन्यांनी पाय ठेवला. तिने मला बस म्हटलं नाही, मीही बसले नाही. मी पायाळूचं पान काढलं आणि वाचलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. असं पाच वेळा. पाचव्यांदा तिने ते पान माझ्याबरोबर म्हटलं, एकही शब्द न चुकता. मग तिने एप्रनमध्ये तोंड लपवलं. मी तेव्हा बसले.

आता ती दर रविवारी येते आणि चुलीजवळची जागा अडवते. अक्षरं शिकते आहे. वय चौसष्ट. टोपीवाल्या अक्षरांना ती 'बायका' म्हणते, कारण टोपी लग्नानंतरच डोक्यावर येते, आणि बिनटोपीच्या अक्षरांना 'कुमारिका'. डोरोताही येते. पहिल्या रविवारी त्या दोघी खोलीच्या दोन टोकांना बसल्या. परवा डोरोताने आपलं पुस्तक तिच्या बाजूला सरकवलं, ओळीवर बोट ठेवायला. वोर्शिलाने बोट ठेवलं. मी पुढचं पान वाचत राहिले.

तुझी
अपोलेना

•

प्राग, ३ नोव्हेंबर १७९५

प्रिय अपोलेन्का,

पहिली छपाई संपली. दुसरी चालू आहे. शेजारच्या मोराव्हिया प्रांतातून मागणी आली, सैन्यातल्या एका जखमा बांधणाऱ्या माणसाकडूनही आली, त्याला बाळंतपणाशी काय करायचंय ते विचारलं नाही.

आणि आता ऐक. काल दुकानात ते पांढऱ्या भुवयांचे म्हातारे डॉक्टर आले. सोबत आपल्या वरच्या डोंगरपट्ट्यातल्या एका जर्मन गावचे अधिकारी. तिकडच्या सुईणींनी म्हणे आपल्या खोऱ्यातल्या बायकांकडून पुस्तकाबद्दल ऐकलं. त्यांना ते सरकारी पत्रक आवडत नाही. त्यांना आपलं पुस्तक हवंय, जर्मनमध्ये. परवानगी मागायला आले होते. माझ्याकडे, टोपी काढून.

मी लगेच हो म्हटलं नाही. आयुष्यभर तिकडून इकडे भाषांतरं होताना पाहिली. आज उलट दिशेने कुणी दार ठोठावतंय, तर थोडं थांबवावं असं वाटलं. हे क्षुद्र आहे, मला माहीत आहे. शिवाय खरं सांगायचं तर हे पुस्तक माझं नाही. तू सांगशील तसं करतो.

तुझा
प्रोकोप

•

याव्होर्ना, २२ नोव्हेंबर १७९५

दादा,

रविवारी तुझं पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. सुतार म्हणाला, द्यायचं नाही. गिरणीवाला म्हणाला, चांगली किंमत घ्यायची. त्या दोघांचं राजापासून बिनसलेलं आहेच. मग बायकांनी त्यांना बाहेर बाकावर बसवलं आणि आम्ही आपसात बोललो.

दे. वरच्या डोंगरात आपल्यापेक्षा जास्त बर्फ असतं, डॉक्टर पोहोचत नाही, आणि तिथल्या बायकांनाही नऊच महिने लागतात. डोरोता सगळ्यांत आधी 'दे' म्हणाली. आमच्यापैकी चौघींना थोडं जर्मन बोलता येतं; भाषांतर करणाऱ्याला कुठे अडलं तर आम्ही वर जाऊन तिकडच्या सुईणींकडून त्यांचे शब्द आणू. सापडतील. असतातच.

फक्त एक अट आहे, आणि ती आम्ही अकरा जणींनी मिळून घातली आहे, सोबतच्या कागदावर नावं दिली आहेत. वोर्शिलाने स्वतःचं नाव स्वतः लिहिलंय, ते वाकडं आहे पण पूर्ण आहे.

पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरांत, कुणाच्याही नावाच्या आधी छापायचं: मूळ पुस्तक चेक भाषेत.

अपोलेना